मागच्या बायांना ऐकू येतं का?

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती आणि मी पाचवीच्या शुद्धलेखनाच्या वह्या तपासत बसलो होतो, तेव्हा दारात दत्तू उभा दिसला. दत्तू म्हणजे अक्काच्या बहिणीचा मुलगा. घनसावंगीजवळच्या एका वाडीत तो राहतो आणि शेवटची काही वर्षं अक्का त्याच्याकडेच होती. सकाळच्या पहिल्या गाडीने आला असावा, रस्त्याची धूळ त्याच्या भुवयांवर तशीच बसलेली होती. चपला बाहेर काढून तो आत आला, टेबलाजवळ थांबला आणि म्हणाला, "गुर्जी, मावशी गेली."

मी विचारलं, "कुठं गेली?"

मयताची खबर घेऊन आलेल्या माणसाला असं कोणी विचारत नाही, हे मलाही कळतं. मराठी शिकवून मी पोट भरतो, ‘गेली’ या शब्दाचे अर्थ मला नव्याने शिकायचे नव्हते. पण दोन वर्षांपूर्वी हाच शब्द मी याच बाईबद्दल ऐकला होता, तेव्हा हा प्रश्न विचारायचा राहून गेला होता, आणि त्यातून जे घडलं ते माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम आहे. दत्तूला ते ठाऊक होतं. त्याला राग आला नाही. त्याने गमछ्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि म्हणाला, "न्हाई गुर्जी... ह्या टायमाला खरंच गेली." मी वह्या तशाच उघड्या टाकून त्याच्याबरोबर निघालो.

अक्का म्हणजे कौतिकबाई केदारखेडेकर. हे नाव वाचून या पुरवणीच्या वाचकांपैकी कोणाच्या मनात काही हललं, तर ते वाचक पस्तिशीच्या पुढचे असणार आणि भोकरदन, जाफ्राबाद, जालना याच भागातले असणार. बाकीच्यांना हे नाव माहीत नाही, त्यांचा दोष नाही. मी केदारखेड्याचा, अक्काच्याच गल्लीतला, तिच्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान. आमचं रक्ताचं नातं नाही. तिची आई आणि माझी आई एकाच जात्यावर दळायच्या, आमच्याकडे तेवढं नातं पुरतं. लहानपणी लग्न झालेलं, नवरा लवकर वारला, मूल नाही, म्हणून ती माहेरी परत आली ती गाणं घेऊनच आली. शेतात निंदायला गेली की तिच्या पातीला बाया जास्त असायच्या, कारण तिच्या गाण्यावर काम कधी संपलं ते कळायचं नाही.

धम्मदीक्षेनंतरची ती पहिली वर्षं. वस्तीतल्या घराघरांतून जुने देव निघाले होते आणि भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यांत आता काय ठेवायचं, हे समजावून सांगणारं कोणीतरी लागत होतं. ते काम गायन पार्ट्यांनी केलं. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी आणि पुढे उभा राहून गाणारा, एवढ्या सामानावर माणसं गावोगाव जात होती. गाणारे सगळे पुरुष. बाई उभी राहून गाते, तीही नवरा नसलेली, पांढऱ्या लुगड्यात, डोक्यावरचा पदर न सावरता, हे आमच्या भागात अक्काच्या आधी कोणी पाहिलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांना माणसं गाणं ऐकायला नव्हे, बाई बघायला आली. नंतर ऐकायला येऊ लागली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या आईला मतदान म्हणजे काय आणि ते नवऱ्याला न विचारता करायचं असतं, हे अक्काच्या गाण्यातून कळलं. तिने पुढे तसंच केलं आणि वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

अक्काची एक सवय होती. स्टेजवर चढायच्या आधी ती चपला काढून स्टेजखाली सरकवायची, वर येऊन डावा हात कानावर ठेवायची आणि सूर लावायच्या ऐवजी आधी विचारायची, "मागच्या बायांना ऐकू येतं का?" बाया नेहमी मागेच बसायच्या. पुढे पुढारी, मग गावातले कर्ते पुरुष, मग पोरंटोरं, आणि सगळ्यात मागे, अर्ध्या अंधारात, मांडीवर लेकरं घेऊन बाया. पुढचे लोक चुळबुळ करायचे, ढोलकीवाला ताल धरून थांबलेला असायचा, पण मागून "येतं, येतं" असा आवाज आल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. ज्या गावात माईक नसेल तिथे ती दोनदा विचारायची. एकदा एका सरपंचाने वैतागून, "बाई, बायांचं काय घेऊन बसलात, सुरू करा," असं म्हटलं तर ती खाली उतरली, त्याच्या खुर्चीच्या बाजूने चालत थेट मागे गेली आणि बायांच्या मधोमध उभी राहून गायली. सरपंचाला मान वळवून ऐकावं लागलं.

या सगळ्यात माझं काम दोन प्रकारचं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेलो होतो आणि वस्तीत माझंच अक्षर बरं होतं, म्हणून पार्टीचा कापडी फलक मी रंगवला. निळ्या काठाचं पांढरं मांजरपाट आणि त्यावर लाल रंगात ‘कौतीकबाई केदारखेडेकर गायन पार्टी’. कौतिक हे नाव ऱ्हस्व, पण मी ‘ती’ दीर्घ काढला. फलक वाळल्यावर गावातल्या मास्तरांनी चूक दाखवली, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का मात्र हसली. "राहू दे. नाव लांब केलंस, आता आयुष्य बी लांब व्हईल," म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. त्या फलकावर बोट फिरवत फिरवत तिने आपलं नाव गिरवायला शिकून घेतलं आणि तेवढंच शिकली. त्यामुळे पुढे आयुष्यभर ती सही करताना ‘ती’ दीर्घच काढत राहिली. मी मास्तर झाल्यावर दोन-तीनदा सांगून पाहिलं. ती म्हणायची, "तुझ्याच हातचं हाय ते. आता तूच चूक म्हन."

माझं दुसरं काम पुकारण्याचं. गाण्याआधी माईकवर तिचं नाव मी सांगायचो. पहिल्या खेपेला मी चांगलं चार वाक्यांचं भाषण पाठ करून गेलो होतो, त्यात कोकिळा होती, सरस्वती सोडून बाकी बरंच काही होतं. कार्यक्रमानंतर अक्काने मला बाजूला घेतलं. "लहानू, म्या पाखरू हाय का? नाव सांग, गाव सांग, अन् बाजूला हो." तेव्हापासून आमचं वाक्य ठरून गेलं, "आता आपल्यासमोर येत आहेत कौतिकबाई, मुक्काम केदारखेडा." नऊ वर्षं मी हे एकच वाक्य बोललो. ते बोलून झाल्यावर जी टाळी पडायची ती माझी नाही हे माहीत असूनही अंगावर काटा यायचा, हे खोटं कशाला सांगू?

ती किती प्रसिद्ध होती, हे आज सांगायला गेलं की मलाच ते फुगवून सांगितल्यासारखं वाटतं. भोकरदनच्या बाजारात ती दिसली की भाजीवाल्या बाया उठून तिच्या हाताला हात लावून बघायच्या. जालन्याची गाडी राजूरला तिच्यासाठी थांबायची. ड्रायव्हर म्हणायचा, कौतिकबाई यायच्या आहेत, बसा गुपचूप, आणि राजूरच्या गणपतीच्या दर्शनाला आलेले लोकही बसायचे. त्या तीन-चार वर्षांत आमच्या भागात जन्मलेल्या किती मुलींची नावं कौतिका ठेवली गेली असतील कोणास ठाऊक, माझ्या स्वतःच्या शाळेत मागे एकदा दोन होत्या. ती हातात हिरव्या बांगड्यांमध्ये एक लाल अशा घालायची. "नवरा न्हाई म्हून हात का उघडे ठेवू?" एवढंच तिचं म्हणणं. बांगडीवाल्यांनी तसे जोड करून ‘कौतिक बांगड्या’ म्हणून विकायला सुरुवात केली आणि विधवा बायाही त्या घेऊ लागल्या. मला वाटतं, तिच्या सगळ्या गाण्यांनी मिळून केलं नसेल एवढं काम त्या बांगड्यांनी केलं.

मग रेकॉर्डी आल्या. मोठ्या शहरांतल्या गायकांच्या, मागे पंधरा वाद्यं वाजणाऱ्या. मंडपात आता गाणारा लागत नव्हता, सुई बदलणारा लागत होता. एका रेकॉर्डवाल्याने अक्कालाही विचारलं होतं. त्याने सांगितलं, तीन मिनिटांत गाणं संपलं पाहिजे. अक्का म्हणाली, "तीन मिनटं तर मला मागच्या बायांना इचारायलाच लागतात." आम्ही सगळे हसलो. आज त्या हसण्याचं मला फार वाईट वाटतं... कारण तिचा आवाज आता कुठेही नाही. एक ओळ नाही. माझ्या कानात आहे असं मी म्हणतो, पण खरं सांगायचं तर तोही आता पुसट झालाय. गाण्याआधीचा तिचा प्रश्न मला स्वच्छ ऐकू येतो आणि पुढचं गाणं येत नाही.

पार्टीतून सगळ्यात आधी बाहेर पडलो तो मीच. शिक्षकाचं ट्रेनिंग, जालन्यात नोकरी, लग्न, मुलं. पेटीवाला मुलाकडे सुरतेला गेला. ढोलकीवाल्याला दम्याने गाठलं. मग तो मोठा दुष्काळ पडला आणि गाणं ऐकायला बोलवणारी गावंच खडी फोडायला रस्त्यावर आली. अक्काही खडी फोडत होती. हे मला नंतर कळलं, कारण त्या दोन वर्षांत मी केदारखेड्याला गेलोच नाही. मस्टरवर बाकीच्या बाया अंगठा लावायच्या, ही सही करायची, दीर्घ ‘ती’ची. मुकादम रोज मोठ्याने नाव पुकारायचा आणि आजूबाजूच्या दोनशे माणसांतलं एकही डोकं वर व्हायचं नाही. "भूक लागल्यावर कुनाला गाणं आठवतं, लहानू," असं ती पुढे मला म्हणाली होती, तक्रार म्हणून नव्हे, माझी समजूत काढायला.

आता ते सांगतो, जे सांगण्यासाठी हे लिहायला बसलो. जालन्यातल्या आमच्या वस्तीच्या जयंती समितीत मी होतो. त्या वर्षी असं ठरलं की चळवळीसाठी गाऊन-नाचून झिजलेले आणि आता हयात नसलेले आपल्या भागातले कलावंत आठवायचे, त्यांची नावं वाचायची आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. यादी करायचं काम गुरुजींचं, म्हणजे माझं. त्याच आठवड्यात एका कामाने भोकरदनला जाऊन परत येताना मी राजूरच्या थांब्यावर गाडीची वाट बघत होतो. चहाच्या टपरीवर केदारखेड्याचा एक ओळखीचा माणूस भेटला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी विचारलं, "आमची अक्का कशी आहे?"

"कौतिकबाई? गेल्या की त्या. दुष्काळातच गेल्या. तुमाला म्हाईत न्हाई?"

मी म्हणालो, "कशानं?"

"पोटापायी, दुसरं काय," तो म्हणाला. तेवढ्यात गाडी आली आणि मी चढलो.

त्या माणसाने एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं. दुष्काळात गावात काम उरलं नाही म्हणून अक्का पोटासाठी गाव सोडून बहिणीच्या मुलाकडे गेली होती. केदारखेड्यात त्या वर्षी निम्मं गाव असंच ‘गेलं’ होतं, कोणी सुरतेला, कोणी मुंबईला, कोणी गोदाकाठी. मी मात्र जालन्यापर्यंत खिडकीला डोकं टेकवून रडत आलो. पोटापायी, म्हणजे उपासमारीने तरी किंवा पोटाच्या दुखण्याने तरी. चार-साडेचार वर्षं झाली आणि मला कोणी कळवलंही नाही, याचा मला रागही आला. मी कोणाला काही कळवत नव्हतो, हे त्या रागात माझ्या लक्षात आलं नाही. केदारखेडा त्या थांब्यापासून काही मिनिटांवर आहे. उलट्या दिशेची गाडी पकडून मी गावात जाऊन चौकशी करू शकलो असतो. केली नाही. घरी येऊन यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं, ऱ्हस्व ‘ति’ घालून, अगदी शुद्ध.

जयंतीच्या दिवशी दुपारच्या सभेत मी माईकवर गेलो. "पोटाच्या विकाराने आपल्यातून निघून गेलेल्या कौतिकबाई, मुक्काम केदारखेडा..." असं मी यादीतलं पहिलं नाव वाचलं. मंडपातली चार-पाचशे माणसं उभी राहिली. इतकी शांतता मी त्या मंडपात कधी ऐकली नव्हती. मागे बायांमध्ये कोणीतरी हुंदके देत होतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, आपण तिचं काही देणं लागत होतो ते थोडं तरी फेडलं.

आठ दिवसांनी शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. अक्षर दत्तूचं होतं. "लहानूस आशीर्वाद. जयंतीचा कार्यक्रम चांगला झाला. मी आले होते. बायांत बसले होते. मागच्या बायांना सगळं बराबर ऐकू आलं. माझं पोट ठीक आहे." आणि खाली सही, थरथरत्या हाताने गिरवलेली, ‘ती’ दीर्घ.

ते कार्ड वाचल्यावर माझं काय झालं, ते मी लिहू शकत नाही. वर्गात मुलं होती, मी त्यांना पाढे म्हणायला सांगितले आणि फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. रोज सकाळी मी हजेरी घेतो. समोर बसलेल्या मुलाची गैरहजेरी मांडणारा मास्तर काय लायकीचा असतो, ते मला कोणी सांगायला नको होतं. पुढच्याच रविवारी मी घनसावंगीची गाडी धरली.

अक्का ओसरीवर ज्वारी निवडत बसली होती. केस सगळे पांढरे, अंग अर्धं झालेलं, हातात मात्र त्याच बांगड्या. मी पाय धरायला वाकलो तर तिने सुपातला मूठभर दाणा माझ्या डोक्यावर टाकला. "मेलेल्या मानसाच्या पाया पडून राह्यला व्हय रे," म्हणाली आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. दत्तूची बायको सुमन पाणी घेऊन धावली. मला हसता येईना. मी विचारलं, "अक्का, तू तिथल्या तिथं उठून का नाही सांगितलंस? हात वर करायचास."

"म्या उठलेच व्हते ना. समदे उठले, मंग म्या एकटी कशी बसू?" ती दाणे चाळत राहिली. मग म्हणाली, "अन् बाजूला एक बाई रडून राह्यली व्हती. मला म्हनली, माझ्या माय संगं म्या ह्यांचं गानं ऐकलेलं. आता तिचं रडनं म्या खोटं पाडू का? ... दोन मिनटं कुनी खोकलं बी न्हाई, लहानू. एवढी शांतता मला गातानी बी कधी भेटली न्हाई."

त्या बाईने तिला ओळखलं नव्हतं. शेजारी खांद्याला खांदा लावून उभं राहून ती जिच्यासाठी रडत होती, तिलाच तिने पदर पुढे केला होता डोळे पुसायला. अक्का हे सगळं मजेत सांगत होती. त्याच दिवशी जालन्यात ती बांगड्या भरायला बसली होती, तेही सांगितलं. बांगडीवाल्याने विचारलं, साध्या देऊ की कौतिक देऊ? हिने विचारलं, कौतिक म्हंजे रे काय? तो म्हणाला, "कंपनीचं नाव हाय, मावशी." सुमनही हसत होती. त्या वाडीत कोणाला अक्का गायची हे माहीत नव्हतं. तिथे ती दत्तूची मावशी होती, कापूस चांगला वेचणारी.

निघताना ती मला सोडायला वेशीपर्यंत आली. गाडी दिसायला लागली तेव्हा माझ्या बाहीला धरून म्हणाली, "एक काम करशील का? पुढल्या जयंतीला माईकवर येकडाव सांगशील? म्या हाय म्हून. गानं बिनं न्हाई, आवाज न्हाई राह्यला आता. निस्तं नाव सांग, गाव सांग. तुझ्या तोंडून ऐकायचंय." मी म्हणालो, सांगतो. तिच्यासमोर मी हे कबूल केलं आणि मला ते अगदी सोपं वाटलं होतं.

पुढची जयंती आली. मी दत्तूला आधी कळवलं होतं, अक्काला घेऊन ये. खिशात कागद होता, वाक्यही तेच, नऊ वर्षं म्हटलेलं. समितीत आता कॉलेजातली नवी मुलं होती, हुशार, बोलकी. सभेआधी मी सेक्रेटरीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो गोंधळला. "गुरुजी, ह्या त्याच ना, ज्यांना आपण श्रद्धांजली वाहिली? आता जिवंत आहेत म्हणून सांगायचं? लोक हसतील हो. समितीची शोभा होईल, आणि तुमचीही." त्याने ‘तुमचीही’ म्हटलं आणि मी खिशातला कागद बाहेर काढलाच नाही. शहरातून पाहुणे यायचे होते, ते दीड तास उशिरा आले, भाषणं लांबली. शेवटी आभार मानायला माईक माझ्या हातात दिला गेला. मी मंडपवाल्याचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, पाणी भरणाऱ्या पोरांचे मानले. मागे, बायांच्या शेवटच्या रांगेत, पांढरं लुगडं मला दिसत होतं. ती उभी होती. बाकीच्या सगळ्या बसलेल्या आणि ती एकटी उभी. माझ्या तोंडून तिचं नाव निघेल आणि लोक वळून बघतील, तेव्हा दिसायला नको का, म्हणून उभी राहिली असेल... मी कागदाला हात लावला, हशाची भीती वाटली, माझ्या गुरुजीपणाची भीती वाटली, आणि "कार्यक्रम संपला असं मी जाहीर करतो" असं म्हणून मी माईक खाली ठेवला.

गर्दी हलल्यावर मी मागे गेलो. अक्का वाकून सतरंजीच्या कडेखाली हाताने चाचपत होती. तिने चपला काढून आत सरकवून ठेवल्या होत्या, पूर्वी स्टेजखाली सरकवायची तशा. मी त्या शोधून तिच्या पायाशी ठेवल्या. तिने माझ्याकडे बघितलंही नाही नीट, पदर सारखा केला. "लई उशीर झाल्ता आज. बिलकुल टाइमच न्हाई भेटला तुला," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी सांग. आता जल्दी चल दत्तू, गाडी निघून जाईल. आता थांबत न्हाई कुनी." दोघं स्टँडच्या दिशेने गेली. ती माझी आणि अक्काची शेवटची भेट.

यंदाच्या जयंतीला महिना राहिला होता तेव्हा ती गेली. झोपेत गेली, दुखणं नाही, खुपणं नाही. मातीला आम्ही चौदा माणसं होतो. जालन्यातल्या एका साप्ताहिकाला मी चार ओळींची बातमी लिहून नेऊन दिली, तर संपादक म्हणाले, गुरुजी, हे तर आपण दोन वर्षांपूर्वी छापलंय, यादीत पहिलंच नाव होतं. समितीची मुलंही म्हणाली, यंदाच्या यादीत तिचं नाव घेता येणार नाही, एकदा झालंय. त्यांचं खोटं नव्हतं. तिच्या खऱ्या मरणासाठी जागाच शिल्लक नव्हती, मी ती आधीच वापरून टाकली होती. लोक म्हणतात की प्रसिद्ध माणसांना काळ विसरतो. मी काळाला बोल लावणार नाही. माझ्या अक्काला विसरणारी माणसं होती, त्यांना नावं होती, आणि त्यातलं पहिलं नाव माझं आहे.

मातीनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वाडीत गेलो. भंतेजींचं त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली, आलेले चार लोक पांगले. अक्काची खोली म्हणजे दत्तूच्या घराची पडवी, एका बाजूला तरट लावून आडोसा केलेली. दोरीवर तिची वाकळ वाळत घातली होती. सुमनने ती धुतली होती. मी सहज उलटून बघितली तर आतल्या बाजूच्या ठिगळांत निळ्या काठाचं पांढरं मांजरपाट दिसलं. फलक फाटल्यावर तिने तो वाकळेत घातला होता. एका कोपऱ्यात ‘पार्टी’, मध्ये उलटं लागलेलं ‘खेडे’, आणि डोक्याकडच्या बाजूला, इतर ठिगळांसारखं न कापता, अख्खं ठेवलेलं ‘कौतीकबाई’. लाल रंग धुऊन धुऊन गुलाबी झालेला. ‘ती’ दीर्घ. सुमन म्हणाली, "ती बाजू मावशी नेहमी तोंडाकडं घ्यायच्या. म्या म्हनायचे, टोचत न्हाई का तो रंग?"

दत्तू, सुमन, तिच्या कडेवरचं लेकरू आणि मी, एवढेच होतो तिथे. पडवीच्या दाराबाहेर उंबऱ्याला टेकून शेजारची म्हातारी गयाबाई तंबाखू मळत बसली होती, तिला कमी ऐकू येतं. मी खिशातून कागद काढला. तोच, वर्षभर खिशात आणि मग वहीत राहिलेला. कागदाची गरज नव्हती, पण हाताला काहीतरी धरायला हवं होतं. मी चपला काढल्या, त्या वाकळेसमोर उभा राहिलो आणि जमेल तेवढ्या सरळ आवाजात म्हणालो, "आता आपल्यासमोर येत आहेत कौतिकबाई, मुक्काम केदारखेडा."

सुमनने तोंडावर पदर घेतला. दत्तू खाली बघत राहिला. मग उंबऱ्याबाहेरून गयाबाईने मान आत घातली, कानामागे हात धरला आणि म्हणाली, "मागं काय ऐकू न्हाई आलं, गुर्जी. कोन येऊन राह्यलंय म्हनता?"

मी तिच्याकडे वळलो आणि पुन्हा, मोठ्याने, सांगितलं.